डिस्कच्या वाटण्यांपासून सामाईक पूलपर्यंत

सोलापुरातल्या एका पतसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये काही वर्षांपूर्वी मी मार्चअखेरची रात्र काढली होती. कपाटात १६ डिस्क होत्या. खात्यांचा डेटाबेस ज्या चार डिस्कवर होता, त्यांचे हिरवे दिवे अखंड लुकलुकत होते आणि उरलेल्या १२ डिस्क जवळजवळ स्वस्थ होत्या. जागा मुबलक असूनही व्याज आकारणी पहाटेपर्यंत रेंगाळली. ही वाटणी कोणाच्या निष्काळजीपणातून झालेली नव्हती. साठवणूक म्हणजे जागा, या जुन्या समजुतीतून ती आलेली होती, आणि ती समजूत कुठून आली हे पाहिल्याशिवाय आजच्या पूलच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून केलेल्या सामाईक साठ्याच्या, रचनेचे कारण कळत नाही.

आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या ३५० या पहिल्या डिस्क यंत्रात ५० तबकड्या होत्या, त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत आणि हव्या त्या नोंदीपाशी पोहोचायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. पुढे ६०० जीबीची, मिनिटाला १५,००० फेरे घेणारी डिस्क आली, तेव्हा क्षमता दीड लाख पटींहून अधिक वाढलेली होती, पण पोहोचण्याचा वेळ जेमतेम १०० पटींनी घटला होता, कारण तबकडीला फिरावे लागते आणि वाचणाऱ्या हाताला सरकावे लागते. अशी डिस्क सेकंदाला साधारण १८० विखुरलेल्या मागण्या पुऱ्या करते. जागा वाढते, हात तेवढाच राहतो. माझ्या मते या विषयाचे मूळ इथे आहे.

बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडची, म्हणजे अनेक डिस्क मिळून एका डिस्कसारख्या वापरण्याची, कल्पना मांडली आणि अनेक स्वस्त डिस्कवर माहिती पट्ट्यापट्ट्यांनी पसरण्याची रीत रूढ झाली. मात्र रेड-५ या तिच्या एका प्रकारात एक लहान नोंद लिहायची तर जुनी माहिती व जुनी पॅरिटी (डिस्क बिघडल्यास माहिती परत उभी करण्यासाठी ठेवलेली ताळ्याची नोंद) वाचावी आणि मग दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात, म्हणजे एका लेखनाची चार कामे होतात. पतसंस्थेच्या त्या चार डिस्ककडे मिळून ७२० कामांची ताकद होती. व्याजाच्या नोंदी लिहिताना, कॅशेचा, म्हणजे तात्पुरत्या वेगवान स्मृतीचा, आधार सोडला तर, ती सेकंदाला १८० लेखनांवर येत होती. सोळाही डिस्कवर तोच भार पसरला असता तर आकडा ७२० झाला असता.

डेटाबेसला एक गट, मेलला दुसरा, फायलींना तिसरा, अशी वाटणी करण्यामागे एकाचा त्रास दुसऱ्याला होऊ नये हा हेतू होता आणि तो चुकीचा नव्हता. परंतु तिन्हींची गर्दी एकाच वेळी क्वचितच होते, त्यामुळे एका गटाची ताकद पडून राहते. म्हणून अनेक रेड गट एका पूलमध्ये घेऊन त्यांचे समान तुकडे, म्हणजे एक्स्टेंट, पाडायचे आणि प्रत्येक व्हॉल्यूमला, म्हणजे सर्व्हरला एक डिस्क म्हणून दिसणाऱ्या भागाला, सगळ्या गटांतून आळीपाळीने तुकडे द्यायचे, ही पद्धत पुढे आली. आयबीएमच्या २००४ मधील डीएस८००० या साठवणूक यंत्रात दोन अंतर्गत सर्व्हर आहेत. सम क्रमांकाचा पूल एकाकडे आणि विषम क्रमांकाचा दुसऱ्याकडे जातो. सर्व डिस्क एकाच पूलमध्ये घातल्या तर दुसऱ्या सर्व्हरला त्यांतले कामच मिळत नाही, म्हणून तिथे किमान दोन सारखे पूल करणे हाच समतोल ठरतो.

ईएमसी या कंपनीने २००८ मध्ये आपल्या सिमेट्रिक्स या साठवणूक यंत्रात फ्लॅश डिस्क, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्क, आणल्या, आणि लवकरच एकाच पूलमध्ये वेगवान व संथ डिस्क ठेवून वापरानुसार तुकडे आपोआप हलवणारी व्यवस्था आली. वर्षअखेरीसारख्या कामाला मात्र ती उशिराच पावते, कारण कोणत्या तुकड्याचा वापर वाढला हे मोजून तो हलवेपर्यंत रात्र सरलेली असते.

त्या पतसंस्थेत आम्ही नंतर आठ-आठ डिस्कचे दोन पूल केले, डेटाबेस दोन्हींवर विभागला आणि बॅकअपसाठी वेगळ्या संथ डिस्क घेतल्या. बॅकअप सामाईक पूलमध्ये ठेवू नये, याबाबत मी आजही आग्रही आहे: पूल निकामी झाला तर मूळ प्रत आणि राखीव प्रत दोन्ही एकदमच जातात.