वस्तीभेट वेगळी, सुटका वेगळी

चर्चमधल्या नव्या स्वयंसेवकांना पहिल्यांदा मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वेश्यावस्तीत नेलं, की परतताना हमखास कुणीतरी विचारतं, "मग आज कुणाला सोडवलं?" कुणालाच सोडवलेलं नसतं. आम्ही भेटायला गेलेलो असतो. वस्तीभेट आणि सुटका ही एकाच कामाची दोन नावं आहेत असं पुष्कळांना वाटतं, आणि त्या गैरसमजाची किंमत आत राहणाऱ्या बाईला मोजावी लागते.

वस्तीभेटीची वेळ दुपारची, तीन-साडेतीनची. संध्याकाळी गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आत बायकांची धुणी, जेवणं, केस विंचरणं चाललेलं असतं. आम्ही दोघी-दोघी जातो, एकटी कधीच नाही. आधी घरवालीला, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईला, नमस्कार, कारण तिची मर्जी फिरली तर पुढच्या वेळी दार उघडत नाही. मग कॉटच्या कडेला बसायचं. परवा एकीने उशीखालून हॉस्पिटलचा केसपेपर काढला. चार घड्या घातलेला, घडीवर फाटत आलेला. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, एवढंच तिला विचारायचं होतं. पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले. अर्धा तास त्यातच गेला, आणि त्या दिवशीचं काम तेवढंच होतं. तिने म्हटलं तर प्रार्थना करायची. औषध किंवा मुलाची शाळा यांच्या मदतीला प्रार्थनेची अट घालणं मला पाप वाटतं; जिला 'नाही' म्हणायची सोय नाही, तिच्या 'हो'ला काय अर्थ?

सुटका हे कायद्याचं काम आहे. अनैतिक व्यापार रोखण्याच्या १९५६ च्या कायद्याखाली, ज्याला पोलीस अजूनही 'पिटा' म्हणतात, विशेष पोलीस अधिकारी धाड घालतो. कलम १५ प्रमाणे त्या भागातले किमान दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यांत एक बाई. सोबत दोन महिला पोलीस. तिथून बायकांना दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात. वय, घरची परिस्थिती, आईवडिलांकडे परत पाठवणं योग्य आहे का, याची चौकशी होते. नंतर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश निघू शकतो. म्हणजे जिला आपण 'सोडवली' म्हणतो, ती कुलपाच्या एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाऊ शकते. जी फसवून आणलेली, कोंडलेली आहे, तिच्यासाठी ही धाड जीव वाचवणारी असते, यात शंका नाही. पण प्रत्येक खोलीतली प्रत्येक बाई तशी नसते. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की धाडीत स्वखुशीने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान बायकांना अटक किंवा त्रास होता कामा नये. इच्छेविरुद्ध संरक्षणगृहात डांबलेल्यांचीही पाहणी करायला सांगितलं.

ख्रिस्ती संस्थांमध्ये दोन्ही प्रकार आहेत, म्हणून घोळ वाढतो. १९९७ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल जस्टिस मिशन पोलिसांबरोबर सुटकेचं आणि खटल्यांचं काम करते. त्यासाठी वकील लागतात, पुरावे लागतात. रविवारी उपासनेनंतर निघालेल्या चार तरुणांनी त्यांची नक्कल करायची नसते.

आमच्याच गटातल्या एका उत्साही मुलाने हे केलं. जिन्यात भेटलेल्या मुलीला तो म्हणाला, "घाबरू नकोस, आम्ही तुला बाहेर काढू." वरच्या पायरीवर कुणीतरी ऐकत होतं. पुढच्या आठवड्यात तिच्या कॉटवर दुसरी होती. ती कुठे गेली, कुणी सांगितलं नाही. मला अजून तो जिना चढताना तिचा चेहरा आठवतो.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती जोगिणींनी (नन) अशा स्त्रियांसाठी चालवलेलं काम त्यांनी पाहिलं. हे सगळं कशासाठी, असं विचारल्यावर त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली, आणि ती त्यांच्या मनात रुजली. पुढे केडगावला त्यांनी कृपासदन उभारलं. त्या गोष्टीत येशू विहिरीवर बसून तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो. घागर तिथेच टाकून ती आपल्या पायांनी गावात जाते. वस्तीभेटीचं मूळ मला तिथे दिसतं.

दोन्ही कामं एका ठिकाणी मात्र जोडलेली आहेत. मुलगी अठराच्या आतली वाटली, तर भेटीच्या नावाखाली गप्प बसायचा अधिकार आपल्याला उरत नाही. तिची संमती कायदा धरतच नाही, आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिला वचन द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मजला, दाराचा रंग, खोलीची खूण लक्षात ठेवायची. घरवालीला नेहमीसारखा नमस्कार करून जिना उतरायचा, गल्ली ओलांडून मुख्य रस्त्यावर यायचं, आणि तिथून पोलिसांच्या ११२ ला आणि चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन लावायचा.