प्रोग्रामेबल इलेक्ट्रॉनिक लोडची निवड

पॉवर सप्लाय किंवा बॅटरी तपासायची म्हणजे तिच्यातून करंट ओढून बघायचा, आणि हवा तेवढाच करंट हवा तेवढा वेळ ओढणारं यंत्र म्हणजे प्रोग्रामेबल इलेक्ट्रॉनिक लोड. आत मॉस्फेट (करंट कमी-जास्त करणारे ट्रान्झिस्टर) असतात, ते अर्धवट चालू ठेवून करंट कंट्रोल केला जातो आणि ओढलेली जवळजवळ सगळी पॉवर हीटसिंक, फॅनमधून उष्णता म्हणून बाहेर पडते (रीजनरेटिव्ह प्रकारातले लोड ती परत ग्रिडला देतात, किलोवॉटमधल्या टेस्टिंगला तेच बरे).

निवडताना सगळ्यात जास्त फसगत होते ती रेटिंग वाचताना. १५० व्होल्ट, ३० अँपियर, ३०० वॉट असं लिहिलेलं असलं तरी हे तिन्ही एकदम मिळत नाहीत, १५० व्होल्टला फक्त २ अँपियर आणि पूर्ण ३० अँपियर हवे तर १० व्होल्टपर्यंतच. त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते खालच्या टोकाकडे. मॉस्फेट पूर्ण चालू झाला तरी तो, शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) आणि आतली जोडणी मिळून थोडा रेझिस्टन्स उरतोच, समजा तो ०.०५ ओहम आहे, तर ३० अँपियरला किमान १.५ व्होल्ट लागणार आणि ०.९ व्होल्टच्या सप्लायमधून १८ अँपियरच्या वर काही केल्या जाता येणार नाही. म्हणून डेटाशीटमधला व्होल्टेज-करंटचा ग्राफ आधी बघायचा, किंमत नंतर.

मोड चार: कॉन्स्टंट करंट, व्होल्टेज, रेझिस्टन्स, पॉवर. साध्या सप्लायला कॉन्स्टंट करंट चालतो, पण एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्यांचा सप्लाय) स्वतःच करंट धरून ठेवतो, त्याला कॉन्स्टंट व्होल्टेजच लागतो. कॉन्स्टंट पॉवरमध्ये बॅटरी उतरेल तसा करंट चढतो, १० वॉटला ४.२ व्होल्टवर साधारण २.४ अँपियर आणि ३ व्होल्टवर ३.३.

बॅटरीसाठी कटऑफ व्होल्टेज (जिथे टेस्ट आपोआप थांबते ते), अँपियर-अवरची (म्हणजे कपॅसिटीची) मोजणी आणि रिमोट सेन्स (वेगळ्या वायरींनी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजणं), हे तिन्ही हवेतच! वायरींचा एकूण रेझिस्टन्स २० मिलीओहम धरला तर १० अँपियरला ०.२ व्होल्ट वायरीतच जातात, मग सेन्स न जोडता ३ व्होल्टचा कटऑफ लावला की सेल ३.२ वर असतानाच टेस्ट थांबते आणि चांगल्या सेलची कपॅसिटी उगाच कमी दिसते.

अचानक लोड बदलून सप्लाय कसा सावरतो ते बघायचं असेल तर स्लू रेट (लोड करंट किती वेगाने बदलू शकतो ते) महत्त्वाचा, पण तो वायरींमुळे वाया जाऊ शकतो. एक मीटर वायरीचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री, म्हणजे मायक्रोसेकंदाला १० अँपियर वाढवले तर १० व्होल्ट त्यातच पडतात. वायरी आखूड ठेवायच्या आणि एकमेकींना पीळ देऊन.

बॅटरी उलटी जोडली तर मॉस्फेटमधला बॉडी डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा, त्याच्या रचनेतलाच भाग) सरळ चालू होतो आणि करंटला आवर राहत नाही, त्यामुळे बॅटरीच्या टर्मिनलजवळ फ्यूज लावायचाच, लोडमध्ये प्रोटेक्शन आहे असं लिहिलेलं असलं तरी.