जप्तीचे कायदे आणि मराठी बालसाहित्य

वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली पुण्यात मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केले, तेव्हा याच शहरातून निघणाऱ्या ‘केसरी’चे संपादक लोकमान्य टिळक राजद्रोहाची एक शिक्षा भोगून आलेले होते आणि दुसरी दोनच वर्षांवर होती. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्याच्या चालकाकडून ५०० ते २,००० रुपये जामीन घेण्याची मुभा सरकारला मिळाली. आक्षेपार्ह मजकूर छापल्यास ही रक्कम सरकारजमा होत असे. त्यामुळे लेखक कितीही धीट असला, तरी त्याचे हस्तलिखित हाती घेताना छापणाऱ्याला आपल्या पोटापाण्याचा विचार करावा लागे. त्याच वर्षी खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली, म्हणजे पुराणकथेचा आडोसाही पुरेनासा झाला.

मुलांच्या वाङ्मयाकडे सरकारचे लक्ष नव्हते, असा समज आहे; तो साने गुरुजींच्या बाबतीत तरी टिकत नाही. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात शिकलेल्या गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांसाठी दैनिक काढले ते हाताने लिहून. त्यामागचा हेतू मुलांवरील मायेचा होता, परंतु हस्तलिखिताला छापखाना लागत नाही आणि म्हणून जामीनही लागत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. ज्या सरकारने त्यांना कोंडले, त्याला आईच्या आठवणींत हरकत घेण्याजोगे काही सापडण्यासारखे नव्हते. ‘पत्री’ या कवितासंग्रहाच्या प्रती मात्र सरकारने जप्त केल्या. त्यातील ‘बलसागर भारत होवो’ हे गीत तरीही शाळाशाळांतून म्हटले जात राहिले, कारण जप्ती कागदाची होते आणि मुलांची गाणी तोंडपाठ असतात. बालसाहित्याचे खरे बळ या पाठांतरात आहे, असे मी मानतो.

स्वातंत्र्यानंतर १९७५ च्या आणीबाणीत सेन्सॉर पुन्हा आला. दुर्गा भागवत यांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्याविरुद्ध आवाज उठवला, तर गुरुजींनी १९४८ साली स्थापन केलेल्या आणि तोवर पुण्यात स्थिरावलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाने लेखनस्वातंत्र्याची बाजू सोडली नाही. तेच साप्ताहिक आता शनिवार पेठेतून मुलांसाठी बालकुमार दिवाळी अंक काढते.