तपकिरी अंडं म्हणजे गावरान?

मंडईत तपकिरी अंडं दिसलं की आपण पुणेकर दोन पैसे जास्त मोजतो. गावरान आहे म्हणे! पण टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, ती रानात चरली की नाही यावर नाही. ऱ्होड आयलंड रेड जातीची कोंबडी पिंजऱ्यात कोंडली तरी तपकिरीच घालणार, व्हाइट लेगहॉर्न मोकळी सोडली तरी पांढरंच. केशरी बलकाचंही तसंच. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला की झालं (दसऱ्यापलीकडेही झेंडूला काम आहे). विचारायचंच तर शेतकऱ्याला विचारा, खुराडं किती दिवसांनी ताज्या गवतावर हलवता? शंभराच्या हजार कोंबड्या झाल्या आणि खुराडं जागचं हललं नाही, तर बघता बघता गवत उकरलं जातं, जमीन उघडी पडते आणि साचलेल्या विष्ठेतून अमोनियाचा वास नाकात जातो.