मायोसिनची लांबी कोण ठरवतं?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूचा काप पाहिला की आधी नजरेत भरते ती त्यातली शिस्त. मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू, अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे बारीक तंतू, आणि दोन्ही एकमेकांच्या फटींत शिरलेले. स्नायू आखडताना हे तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे 1954 मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन जोड्यांनी मांडलं: ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन, अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगेर्के. (दोघे हक्सले एकमेकांचे कुणी लागत नव्हते.)

सरकण्याचं कोडं सुटलं, लांबीचं राहिलं. आपल्या स्नायूंतला जवळपास प्रत्येक जाड तंतू सुमारे 1.6 मायक्रॉनचाच भरतो. शुद्ध केलेलं मायोसिन परीक्षानळीत ठेवलं तर त्याचेही तंतू बनतात, पण कुणी लांब, कुणी तोकडे. म्हणजे कुठे थांबायचं हे एकट्या मायोसिनला उमगत नाही.

संशय गेला टायटिनवर. सुमारे 34 हजार अमिनो आम्लांचं हे आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन. त्याचा एकेक रेणू झेड-डिस्कपासून (बारीक तंतू जिथे रोवलेले असतात त्या पडद्यापासून) थेट जाड तंतूच्या मध्यापर्यंत पोचतो. जाड तंतूला चिकटलेल्या त्याच्या भागात एकच रचना ओळीने 11 वेळा येते आणि प्रत्येक आवर्तन भरतं सुमारे 43 नॅनोमीटर. मायोसिनच्या डोक्यांची, म्हणजे अ‍ॅक्टिनला पकडून ओढणाऱ्या टोकांची, मांडणीही दर 43 नॅनोमीटरला पुन्हा तशीच येते! टायटिन ही मोजपट्टीच असणार, असं अनेकांना वाटू लागलं. पण आकडे जुळले म्हणजे पुरावा झाला असं नव्हे.

पुरावा आला 2017 मध्ये. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या हेंक ग्रान्झिए यांच्या गटाने उंदरांच्या टायटिनमधली त्या 11 पैकी पहिली दोन आवर्तनं जनुकीय बदल करून काढून टाकली. जाड तंतू आखूड झाले, ओढ कमी पडली, आणि उंदरांचं हृदय फुगून दुबळं झालं. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत देखणा प्रयोग.

बारीक तंतूंचं प्रकरण इतकं सरळ नाही. तिथे नेब्युलिन हे लांबलचक प्रथिन तंतूला बिलगून असतं. पण ते टोकापर्यंत पोचत नाही, आणि हृदयात तर जेमतेमच सापडतं. टोकाशी ट्रोपोमोड्युलिन हे प्रथिन बसून वाढ रोखतं, लिओमोडिन हे दुसरं प्रथिन मात्र तंतू वाढू देतं. या ओढाताणीतून लांबी ठरते.

नेब्युलिनच्या जनुकात दोष असला तर काही बाळं जन्मतःच अंगाने सैल असतात, मान धरायला उशीर लावतात. त्यांच्या स्नायूचा तुकडा गोमोरी पद्धतीने रंगवला तर निळसर-हिरव्या तंतूंत लालसर-जांभळ्या बारीक कांड्या दिसतात. या आजारात बरेचदा बारीक तंतू आखूड राहिलेले असतात. ते जाड तंतूंवर पुरेसे चढत नाहीत, मायोसिनच्या कमी डोक्यांना पकड मिळते, आणि स्नायू सगळा जोर लावूनही कमीच ओढतो.