लघवी सुटते? व्यायामाआधी स्नायू तपासून घ्या

साठीच्या पुढच्या महिलांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या लेकी-सुनांसाठी

खोकला आला की थेंब जातो. शिंकलं, हसलं, बादली उचलली तरी जातो. काहींना लघवी लागली की धीरच निघत नाही, बाथरूमच्या दारातच साडी ओली होते. आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या बायका हे कित्येक वर्षं मनात ठेवून आलेल्या असतात. तोवर एसटीचा प्रवास बंद झालेला असतो, कीर्तनाला गेलं तर दाराजवळची जागा धरायची सवय लागलेली असते, पाणी पिणं निम्म्यावर आलेलं असतं. ‘वय झालं, चालायचंच,’ असं घरातही कुणीतरी म्हटलेलं असतं. वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं. पण त्यावर काही करता येत नाही, हे अजिबात खरं नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि मलाशय यांना तिचा आधार असतो आणि तिन्ही मार्ग तिच्यातूनच बाहेर येतात. झोळी वर ओढली गेली की लघवीची वाट आवळली जाते. बाळंतपणं, जुनाट खोकला, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन आणि पाळी गेल्यावर कमी झालेलं इस्ट्रोजेन हे हार्मोन यांमुळे ती सैल पडते.

ती घट्ट करायचे व्यायाम आता मोबाइलवर कुठेही सापडतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी 1948 साली ते मांडले, म्हणून त्यांचं नाव पडलं. केगेल स्वतः मात्र आधी तपासणी करत आणि दाब मोजणारं उपकरण लावून, स्नायू खरंच आवळतोय का हे त्या बाईला दाखवत. व्यायामाचं नाव घरोघरी पोचलं, तपासणी मागे राहिली. आमचा आग्रह आहे तो याच मागे राहिलेल्या भागासाठी.

कारण ‘आवळा’ म्हटल्यावर अनेकजणी नकळत उलटं करतात, म्हणजे कुंथतात. 1991 साली अमेरिकेत 47 महिलांना केवळ तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला लावला, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. साधारण चौथा हिस्सा अशा तऱ्हेने जोर लावत होत्या की त्रास वाढावा.

आमच्याकडे आलेल्या एक आजी चार महिने रोज शंभर वेळा व्यायाम करत होत्या. फरक नव्हताच, उलट खाली जड वाटायला लागलं होतं. त्यांना हातआरसा दिला आणि नेहमीसारखं करायला सांगितलं. त्यांनी श्वास कोंडला, पोट ताठ केलं आणि आरशात खालचा भाग बाहेर फुगलेला त्यांनाच दिसला. मग त्यांना म्हटलं, ‘समोर पाहुणे बसलेत आणि वारा सरतोय असं समजा. फक्त मागचं दार आवळा आणि तसंच पुढे, आत ओढा. श्वास चालू ठेवा.’ तिसऱ्या खेपेला खालचा भाग आत खेचला गेला, कणभर. ‘एवढंसंच?’ त्या म्हणाल्या. हो, सुरुवातीला एवढंसंच असतं.

तपासणीत नेमकं काय होतं

आधी बोलणं. लघवी केव्हा सुटते, किती पॅड लागतात, रात्री कितीदा उठावं लागतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. बीपीसाठीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, काहींनी कोरडा खोकला येतो. मनाने गोळी बंद करू नका, आम्ही तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. खुर्चीतून उठून दारापर्यंत चालायलाही सांगतो. स्नायू बरा असूनही गुडघे वेळेवर पोचू देत नाहीत, असंही होतं, आणि तेव्हा उपाय निराळा असतो.

आतली तपासणी नेहमी महिला फिजिओथेरपिस्टच करते. आधी काय करणार ते चित्र दाखवून समजावतो. तुमचा होकार असेल तरच पुढे जातो आणि तुम्ही ‘थांबा’ म्हणाल तिथे थांबतो. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी, किंवा खुबे आखडले असतील तर कुशीवर. अंगावर चादर असतेच. सोबत लेक किंवा सून हवी असेल तर तिला आत घ्या. नको असेल तर तेही स्पष्ट सांगा, संकोच करू नका.

आधी बाहेरून पाहतो: पॅडने कातडी सोलवटली आहे का, कोरडेपणा किती आहे, खोकल्यावर अंग बाहेर येतं का. मग हातमोजा, भरपूर जेल आणि एकच बोट. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईची आतली त्वचा पातळ आणि नाजूक झालेली असते, इथे घाई चालत नाही. आग होत असेल तर त्या दिवशी तपासणी तिथेच थांबवतो आणि आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतो.

स्नायूच्या जोराला 0 ते 5 अंक देतो. 0 म्हणजे काहीच हालचाल नाही, 1 म्हणजे नुसती फडफड, 2 म्हणजे कमकुवत आकुंचन, 3 म्हणजे बोट वर उचललं जातं, 5 म्हणजे चांगली घट्ट पकड. पण जोर हा हिशेबाचा एक भाग. किती सेकंद धरता येतं, असं किती वेळा जमतं, झटपट आवळ-सोड किती होते, हेही मोजतो. प्रत्येकाला 10 ची मर्यादा. लांब धरणं दिवसभराच्या आधारासाठी, झटपट आवळणं शिंकेसाठी. शेवटी खोकायला सांगतो, स्नायू आपणहून आवळतो का ते कळतं. आणि सोडता येतं का, तेही पाहतो. काहींचा स्नायू सैल नसतो, उलट सतत ताठलेला असतो. त्यांना आणखी आवळायला लावणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आमच्याकडे दाब दाखवणारं यंत्रही आहे. पडद्यावरची रेघ वर गेली की हुरूप येतो. पण कुंथल्यावरही तीच रेघ वर जाते, म्हणून नुसत्या यंत्राच्या आकड्यावर आम्ही विसंबत नाही.

लग्न झालेलं नसेल किंवा आतली तपासणी नकोच असेल, तर कपड्यांवरून हात ठेवून आणि आरशाच्या मदतीने पुष्कळ कळतं. जोराचा अंक मात्र तसा देता येत नाही.

योगासनांच्या वर्गात अश्विनी मुद्रा किंवा मूलबंध करत असाल तर सांगा, पकड समजायला त्याचा उपयोग होतो. लघवी मध्येच रोखून सराव मात्र करू नका.

आधी डॉक्टरांकडे

लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप असेल, लघवी तुंबत असेल, अंग बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टर. मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर झाला आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पिशवीत लघवी शिल्लक राहते का हे पाहायला सोनोग्राफी लागते, ती आमच्याकडे होत नाही.

तपासणीनंतर

मिळालेल्या आकड्यांवरून व्यायाम ठरतो. जिला 3 सेकंद धरता येतं आणि 4 वेळा जमतं, तिची सुरुवात तिथूनच, शंभरापासून नाही. पुढे रोज तीन वेळा, दर वेळी निदान 8 आकुंचनं, असं किमान तीन महिने न्यायचं असतं. मधल्या काळात खोकण्याआधी क्षणभर आवळायची सवय लावतो. धीर निघत नाही अशांना लघवीमधलं अंतर हळूहळू वाढवायलाही शिकवतो. 12 आठवड्यांनी तेच आकडे पुन्हा घेतो.

येताना

तीन दिवसांची नोंद आणा: किती वाजता किती प्यायलात, किती लघवी झाली, केव्हा सुटली. लघवी मोजायला आकडे असलेला प्लास्टिकचा मग पुरतो. औषधांच्या पट्ट्या पिशवीत घाला, पॅड लावूनच या आणि त्या दिवशी पाणी कमी करू नका. पहिल्या भेटीला तासभर लागतो. बाथरूम तपासणीच्या खोलीला लागूनच आहे, केव्हाही उठून जाता येतं. जिना चढवत नसेल तर वेळ ठरवतानाच सांगा, तळमजल्यावरची खोली तुमच्यासाठी ठेवू.