लढतीपूर्वीची मानसिक तयारी

मार्शल आर्टच्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी भीती, उत्तेजना, लक्ष आणि निर्णय यांवर ताबा राहावा म्हणून खेळाडू जो सराव करतो, त्याला लढतीपूर्वीची मानसिक तयारी म्हणतात. ज्यूदो, कराटे, तायक्वांदो, कुस्ती, मुष्टियुद्ध या सगळ्यांत ती लागते. धावपटू आपल्या मार्गिकेत एकटा धावतो. इथे समोरचा माणूस आपला बेत उधळण्यासाठीच उभा असतो. शिवाय वेळ फार थोडा. ज्यूदोची लढत नियमाने ४ मिनिटांची असते, पण इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, मिळाला तर ती काही सेकंदांतही आटोपते. त्यामुळे बावचळलेल्या खेळाडूला सावरायला सवड मिळेलच असे नाही.

लढतीची धास्ती दोन प्रकारची असते. मार लागण्याची भीती सरावातल्या झटापटींनी बरीच ओसरते. चारचौघांत हरण्याची भीती मात्र तशी जात नाही, कारण रोजच्या सरावात कोणी गुण मोजत नसते. म्हणून पंच, गुणफलक, पूर्ण गणवेश आणि बघणारी माणसे ठेवून सराव लढती घ्याव्या लागतात. शरीर आणि मन यांवरचे उपायही वेगळे असतात. छातीत धडधड, पोटात गोळा, आखडलेले खांदे यांवर दीर्घ उच्छ्वास किंवा एडमंड जेकबसन यांची स्नायू ताणून सैल सोडण्याची पद्धत उपयोगी पडते. ‘हरलो तर?’ हा विचार डोक्यात फिरत असेल, तर नुसत्या श्वासाने भागत नाही. त्या वेळी मनाला करायला काहीतरी नेमके काम द्यावे लागते.

‘शांत राहा’ हा सर्वांत जास्त दिला जाणारा आणि बऱ्याचदा सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे असा विचार रुजला की उत्तेजना फार कमी किंवा फार जास्त असली की कामगिरी घसरते. पण योग्य पातळी सगळ्यांची सारखी नसते. क्रीडामानसशास्त्रज्ञ यूरी हानिन यांनी प्रत्येक खेळाडूचा उत्तेजनेचा स्वतःचा पट्टा असतो, म्हणजे त्या दरम्यान तो सर्वांत चांगला खेळतो, असे मांडले. कोणी कोपऱ्यात डोळे मिटून बसतो, कोणी स्वतःच्या गालावर चापट्या मारत येरझारा घालतो, आणि दोघेही बरोबर असू शकतात. हा पट्टा शोधायला प्रत्येक लढतीनंतर आपली अवस्था वहीत टिपून ठेवणे पुरते. काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचाली सादर करण्याच्या, स्पर्धेत कोणी अंगावर येत नाही, तोल आणि नेमकेपणा पाहिला जातो. तिथे उत्तेजना थोडी कमी असलेली सहसा पथ्यावर पडते. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील अभ्यासात ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. अर्थात त्या चाचण्या गाणे, भाषण आणि गणिताच्या होत्या, लढतीच्या नव्हत्या.

मनात लढत खेळून पाहण्याचा सराव सर्वत्र शिकवला जातो. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार तो पडून, डोळे मिटून करण्यापेक्षा गणवेश घालून, उभे राहून आणि खऱ्या वेगात करावा. यात फक्त विजय पाहणे ही नेहमीची गफलत. पहिला गुण गमावल्याचे दृश्यही पाहिले पाहिजे आणि त्यापुढे काय करायचे ते ठरवून ठेवले पाहिजे. पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘असे झाले तर तसे करीन’ या धर्तीची आखणी इथे कामी येते: समोरचा डाव्या पकडीचा निघाला तर आधी त्याची बाही धरायची, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला तर एक श्वास सोडून थेट आपल्या जागेवर यायचे. मॅटवर घ्यावे लागणारे निर्णय जितके कमी, तितके डोके मोकळे.

जपानी परंपरेत याचा विचार जुना आहे. झेन भिक्षू ताकुआन सोहो (१५७३–१६४५) यांनी तलवारबाज याग्यू मुनेनोरी यांना लिहिले की मन प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर थांबले तर ते तलवारीतच अडकते. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, गुणानंतरही टिकवायच्या सावधपणाला नियमाचेच बळ आहे: गुण मिळाल्यावर जल्लोष केला, तर पंच तो गुण रद्द करू शकतात.

स्पर्धेच्या दिवशी खरा त्रास वाट पाहण्याचा. आधीच्या लढती लवकर संपतात किंवा लांबतात, त्यामुळे अंग गरम करण्याचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, तर आपल्या आधी किती लढती उरल्या यावर बांधावे. वजन उतरवण्यासाठी उपाशी, तहानलेला राहिलेला खेळाडू चिडचिडा होतो. त्याच्यावर मनाचे कोणतेही तंत्र नीट चालत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पराभवानंतरचा तास. ज्यूदोत उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्याला रेपेशाजमधून, म्हणजे हरलेल्यांना दुसरी संधी देणाऱ्या फेरीतून, कांस्यपदकापर्यंत जाता येते, कुस्तीत अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यालाही तशी संधी असते. सुवर्णाचे स्वप्न मोडलेल्या मनाने त्याच स्पर्धेत पुन्हा उभे राहायचे असते. त्यासाठी प्रशिक्षकाने काय बोलायचे, किती वेळ एकटे सोडायचे आणि पुन्हा अंग गरम करायला केव्हा उठवायचे, हे स्पर्धेच्या आधीच दोघांनी ठरवून ठेवावे लागते.